पिलर ड्रिलवर लाकडाला नेमक्या जागी भोक कसं पाडावं

आमच्या दुकानातून पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन) नेलेल्या ग्राहकांचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच तक्रारीचा असतो: भोक सरकतंय. अशा वेळी मशीनला हात लावण्याआधी टेबल तपासा. टेम्पोतून येताना टेबलाखालचा बोल्ट ढिला होतो आणि टेबल किंचित कलतं.

तपासायला जाड तारेचा एक तुकडा पुरतो. प्लग काढा. तार दोन ठिकाणी काटकोनात वाकवून एक टोक चकमध्ये (बिट, म्हणजे भोक पाडणारं हत्यार, पकडणाऱ्या जबड्यात) पकडा, दुसरं टेबलाला जेमतेम टेकवा आणि चक हाताने फिरवा. तार चारी बाजूंना सारखीच घासली पाहिजे. डावी-उजवीकडचा फरक खालच्या बोल्टने निघतो. पुढे-मागे फरक असेल, तर टेबलावर बसवायच्या लाकडी पाटाखाली पत्र्याची बारीक पट्टी सारा.

हा पाट कराच. ही मशिनं मुळात लोखंडासाठी बनवलेली असतात, त्यामुळे टेबल लहान आणि मधे भोक असलेलं. त्यावर १८ मिमी प्लायचा मोठा पाट बोल्टने आवळा आणि पाटावर एक सरळ पट्टी क्लॅम्पने धरा. हीच फेन्स, लाकडाची कड हिलाच टेकवायची. आरपार भोक पाडताना फळीखाली टाकाऊ तुकडा ठेवला, की खालच्या बाजूला चिरफाळ्या उडत नाहीत.

आता कपाटाच्या दाराला ऑटो हिंज (दारात गोल वाटी रुतवून बसवायची बिजागरी) बसवायची आहे असं धरा. वाटीला ३५ मिमीचं भोक लागतं. भोक आणि दाराची कड यांच्यात ५ मिमी लाकूड ठेवायचं, तर मध्य कडेपासून २२.५ मिमीवर येतो. (काही हिंजांना ३ ते ६ मिमी चालतं, सोबतचा कागद बघा.) मोजपट्टी लावून अंदाजाने फेन्स ठेवा, टाकाऊ तुकड्यावर भोक पाडा आणि कडेशी उरलेलं लाकूड व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा. ५.४ आलं, तर फेन्स बिटच्या दिशेने ०.४ सरकवा. दारावर पेन्सिलने फुली मारून डोळ्याने बिट जुळवण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं, आणि दहा दारं असली तरी दहाही सारखी येतात.

बिटच्या दोन्ही बाजूंना, वरच्या-खालच्या हिंजेच्या मापाने, समजा १०० मिमीवर, फेन्सला आळीपाळीने ठोकळा लावा; दोन्ही एकदम लावले, तर दार मधे मावत नाही. दार आधी डाव्या ठोकळ्याला टेकवून भोक पाडा, मग तो काढून उजव्या. दोन्ही भोकं एकाच कडेला, आतली बाजू वर.

इथे एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: भुसा. फेन्स आणि दार यांच्यात चिमूटभर भुसा अडकला, तरी भोक तेवढंच कडेकडे सरकतं, आणि दोष मशीनला लागतो. फेन्सची खालची कड रंध्याने थोडी तिरपी करा, भुसा तिथे मावतो. तरीही प्रत्येक दारापूर्वी ब्रश फिरवाच.

३५ मिमीला फोर्स्टनर बिट घ्या. अमेरिकेतले बंदूक-कारागीर बेंजामिन फोर्स्टनर यांनी १८७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेरची गोल कड बिटला धरून ठेवते, म्हणून ते लाकडाच्या रेषांच्या मागे वाहत जात नाही. साधं लोखंडाचं बिट सागाच्या कडक-मऊ रेषांमध्ये हमखास भरकटतं. डॉवेलच्या (जोडाच्या लाकडी खुंटीच्या) ८ मिमी भोकांना मधे टोक असलेलं लाकडाचं बिट वापरा. मोठ्या बिटाला वेग कमी ठेवा: बेल्ट मोटरच्या लहान पुलीवर आणि स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या पुलीवर. ३५ ला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास ठीक. धूर निघाला किंवा कडा काळ्या पडल्या, तर वेग जास्त आहे किंवा बिट बोथट झालंय.

हिंजेच्या वाटीच्या भोकाची खोली साधारण १२.५ मिमी. डेप्थ स्टॉप (बिट ठरल्यापेक्षा खोल जाऊ न देणारी अडवण) लावताना बिटचं मधलं टोक कडेपेक्षा पुढे असतं हे विसरू नका. पातळ फळीत ते दर्शनी बाजूने बाहेर येतं.

चक तिन्ही भोकांतून आवळा आणि चावी लगेच काढा. हातमोजे, सैल बाही, ओढणी मशीनजवळ नको. लांब फळीचं डावं टोक खांबाच्या डाव्या बाजूला टेकलेलं असू द्या, म्हणजे बिट अडकलं तर फळी खांबावर थांबते, तुमच्या अंगावर येत नाही. लहान तुकडा मात्र क्लॅम्पशिवाय धरूच नका.

एवढं करूनही भोक हलत असेल, तर तेच बिट आणि पाडलेला तुकडा दुकानात घेऊन या. इथल्या मशीनवर आपण तो मिळून बघू.