टीएलडी बॅज

क्ष-किरण किंवा किरणोत्सर्गी पदार्थांजवळ काम करणाऱ्याच्या शरीराला किरणांची किती मात्रा (डोस) मिळाली, हे मोजण्यासाठी अंगावर लावायचा बिल्ला. टीएलडी म्हणजे थर्मोल्युमिनिसंट डोसिमीटर. बेळगाव-निपाणी भागात त्याची गाठ मुख्यतः एक्स-रे, सीटी स्कॅन आणि कॅथलॅबमधल्या (हृदयाच्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांखाली तपासण्याच्या खोलीतल्या) कर्मचाऱ्यांशी पडते. ओतकामातले दोष गॅमा किरणांनी तपासणाऱ्यांनाही तो लागतो.

बिल्ल्यात टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या, डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ही ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितकी मात्रा जास्त. एका चकतीवर धातूचे आवरण, दुसरीवर प्लास्टिकचे आणि तिसरी उघडी. तिन्हींच्या वाचनातील फरकावरून किरण कोणत्या प्रकारचे होते ते ओळखता येते. रुग्णालयांतले बिल्ले साधारणपणे दर तीन महिन्यांनी वाचनासाठी जातात.

बिल्ला किरण अडवत नाही, हे नव्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी सांगायला हवे. तो छातीवर, लेड ॲप्रनच्या (किरण अडवणाऱ्या शिशाच्या ॲप्रनच्या) आत लावायचा. एक्स-रेच्या खोलीत खुंटीला राहिलेला बिल्ला खोलीची मात्रा सांगतो, माणसाची नव्हे; टेबलाच्या खणात राहिलेला तर काहीच सांगत नाही, आणि हे दुसरे जास्त घातक, कारण अहवालात सारे ठीक दिसते. सोबत येणारा कंट्रोल बॅज, म्हणजे कुणीही अंगावर न लावायचा तुलनेसाठीचा बिल्ला, किरणांपासून दूर ठेवावा लागतो. नैसर्गिक किरणोत्सर्ग त्यावरूनच वजा होतो. कॅथलॅबमध्ये डॉक्टरांचे हात ॲप्रनबाहेर असतात, म्हणून मनगटावर वेगळा बिल्ला लावतात.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार कर्मचाऱ्याला पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. त्यामुळे ते लवकर कळवणे बाळाच्या हिताचे.

बेळगावला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवार तालुक्यातील कैगा अणुवीज केंद्रात या बिल्ल्याची मर्यादा दिसते. जड पाण्याच्या अणुभट्टीत तयार होणाऱ्या ट्रिटियमचे (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाचे) बीटा किरण इतके क्षीण असतात की ते कातडीही भेदत नाहीत. धोका असतो तो ट्रिटियम पोटात वा श्वासात गेल्यावर. म्हणून तिथे लघवीची तपासणी करतात. २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले, ते याच तपासणीत उघड झाले. छातीवरच्या बिल्ल्याला त्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.