वेटसूट की स्विमस्किन? कोमट पाण्यात पोहणाऱ्यांसाठी

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायची ट्रायथलॉन शर्यत, पूर्ण आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची) कुणी नाव नोंदवलं की इकडच्या, म्हणजे संभाजीनगर-जालना-नांदेडच्या सायकलवाल्यांत एक प्रश्न हमखास निघतो : वेटसूट घ्यावा लागतो का? मग कुणीतरी मोबाइलवर काळ्या, अंगाला चिकटलेल्या पोशाखाचा फोटो दाखवतं, आणि पुष्कळदा तो वेटसूट नसतोच. स्विमस्किन असतो. ऑनलाइन विकणारेही सोयीनं दोन्ही नावं एकाच ओळीत टाकतात, त्यामुळं गिऱ्हाइकाचा घोळ आणखी वाढतो.

दोन्ही काळे, दोन्ही घट्ट, दोन्हींना पाठीवर चेन आणि चेनला लांब नाडी. पण पाण्यात उतरलं की एक तुम्हाला वर उचलतो आणि दुसरा उचलत नाही. पैसे कशावर घालायचे, सराव कसा करायचा, गोव्यात काय होणार, हे सगळं या एका फरकावर ठरतं.

आधी वेटसूट. तो निओप्रीनचा असतो. निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर, त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले. पोशाखाच्या आत थोडं पाणी शिरतं, त्वचेलगत अडकतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं. बाहेरचं रबर ती ऊब जाऊ देत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून थंड पाण्यात हे रबर जीव वाचवतं. बुडबुड्यांचं दुसरं काम म्हणजे उचल. वेटसूट जन्माला आला थंडीसाठी, पण ट्रायथलॉनवाले त्याच्यावर जीव टाकतात ते या उचलीसाठी.

ज्यांचं पोहणं शेतातल्या विहिरीत झालं त्यांना उचल समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला तेलाचा रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा, आणि मामा किंवा चुलता काठावरून ढकलून देणार. डबा आहे तोवर पोरगं बुडत नाही, हात मारले की पुढं सरकतं, आणि त्याला वाटतं आपल्याला पोहता यायला लागलं. वेटसूट हा तोच डबा, फक्त चपटा करून अंगभर पसरलेला. कुठं किती डबा लागतो हे बनवणाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं : मांड्या-कमरेपाशी रबर जाड, नियमात बसतं तेवढं म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंत, खांद्यापाशी दीड-दोन मिलिमीटर, कारण तिथं जाड ठेवलं तर हात फिरायचा नाही.

कमरेपाशीच का? माणसाला तरंगवतात ती फुफ्फुसं, आणि ती छातीत. जड हाडं-स्नायू खाली, कंबर-मांड्यांत. त्यामुळं पाण्यावर पालथं पडलं की छाती वर राहते आणि पाय खाली जातात. चरबी तरंगते, स्नायू बुडतो. म्हणून वर्षानुवर्षं पळून आणि सायकल मारून वाळलेल्या माणसाचे पाय जास्तच बुडतात. पाय बुडाले की अंग तिरकं होतं, पाणी अडवतं, आणि हातांची निम्मी ताकद अंग पुढं नेण्याऐवजी सावरण्यात जाते. वेटसूट पाय वर आणून ठेवतो. शंभर मीटरमागं नुसते पाच सेकंद वाचले असं धरा, तरी पूर्ण आयर्नमॅनच्या ३.८ किलोमीटरमध्ये तीन मिनिटांहून जास्त वाचतात. ज्याचं पोहणं कच्चं त्याला हा फायदा सगळ्यात मोठा. लहानपणापासून क्लबात पोहलेल्याला कमी, कारण त्याचे पाय मुळातच वर असतात. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं, पण आहे असंच आहे.

आता स्विमस्किन. यात रबर नाही, बुडबुडे नाहीत. पातळ विणलेलं कापड, त्यावर पाणी झटकणारा लेप, बस. तो ट्रायसूटच्या वरून घालायचा. ट्रायसूट म्हणजे तोच एक पोशाख घालून पोहायचं, सायकल मारायची आणि पळायचं; त्याला खाण्याच्या जेलची पाकिटं ठेवायला पाठीवर खिसे, पुढं चेन, बुडाला पातळ गादी. पाण्यात हे खिसे फुगतात, कापड फडफडतं, पाणी अडतं. स्विमस्किन हे सगळं दाबून गुळगुळीत करतो, एवढंच त्याचं काम. फायदा होतो, पण सेकंदांचा, आणि तोही आधीच सरळ पोहणाऱ्याला. बुडणारे पाय तो एक इंचही वर आणत नाही. ऊबही देत नाही.

यात रबर का नाही, याला इतिहास आहे. २००८ साली पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे, तुकडे लावलेले पोहण्याचे पोशाख आले, मग अख्खे रबरी आले, आणि २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. तरणतलावात लोक डबा बांधून शर्यत लावतायत हे सगळ्यांना दिसत होतं. १ जानेवारी २०१० पासून जागतिक जलतरण संघटनेनं पोशाख फक्त कापडाचा असा नियम केला. ट्रायथलॉनवाल्यांनीही स्विमस्किनसाठी तीच रेषा धरली : शंभर टक्के कापड, निओप्रीन-पॉलियुरेथेन अजिबात नाही, खांद्यांच्या पुढं बाही नाही, गुडघ्यांच्या खाली कापड नाही. म्हणून पूर्ण बाह्यांचा स्वस्त ‘स्विमस्किन’ कुठं दिसला तर घेण्याआधी विचार करा. सर्फिंगसाठी चालेल, आयर्नमॅनच्या वेटसूट नसलेल्या पोहण्यात चालायचा नाही.

हातात आल्यावर ओळखणं सोपं आहे. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबा. वेटसूट दबतो आणि परत फुगतो. स्विमस्किनमध्ये दाबायला काही नसतंच. घडी घातली तर स्विमस्किन मुठीत मावतो, वेटसूट बॅगेचा अर्धा भाग खातो. तरी शंका असेल तर बादलीत टाका. वेटसूट तळाला दाबून धरला तरी हात सोडताच वर येतो. स्विमस्किन भिजवून, हवा पिळून काढली की खाली जातो.

घालायची तऱ्हाही वेगळी. वेटसूटमध्ये पाय घालताना पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात, नाहीतर टाचेला रबर अडकून बसतं. मग चिमूट चिमूट करून वर सरकवायचं, आणि तेही बोटांच्या पोटांनी. नख लागलं की निओप्रीनला चंद्रकोरीएवढी चीर पडते. काखेत आणि मांडीच्या सांध्यात सुरकुती राहिली तर खांदा पहिल्या पाचशे मीटरमध्येच भरून येतो. मानेला व्हॅसलीन चोपडायचं, कारण डोकं वळवून श्वास घेताना कॉलर कातडी सोलते. स्विमस्किनला हे नखरे नाहीत. क्लोरीननं लेप मरतो, म्हणून तो रोजच्या सरावाला न वापरता स्पर्धेपुरता ठेवायचा आणि नंतर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा. धुणं संपलं.

कुठं काय चालतं, हे पाण्याचं तापमान ठरवतं. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकांसाठी नेहमीचा नियम असा : पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. त्याच्या वर, २८.८ अंशांपर्यंत, घातलात तर पोहता येईल पण बक्षीस किंवा जागतिक स्पर्धेतली जागा मिळणार नाही. त्याहून गरम पाण्यात वेटसूट बंद. व्यावसायिकांसाठी रेषा आणखी खाली, २१.९ अंशांवर. हवाईतल्या कोना इथं आयर्नमॅनच्या शर्यतीला समुद्र २६ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळं तिथं काठावर स्विमस्किनच दिसतात. गोव्यात पावसाळा संपल्यावरचा समुद्र २४.५ च्या खाली येण्याचा प्रश्नच नसतो. म्हणजे ‘वेटसूट घ्यावा लागतो का’ याचं उत्तर : नाही, घेतलात तरी उपयोग नाही.

आणि बंदी फक्त बरोबरीच्या न्यायासाठी नाही. पोहताना स्नायू उष्णता तयार करतात आणि ती पाण्यातच जायला हवी. कोमट पाण्यात, अंगभर रबर घालून, ती जाणार कुठं? पाण्यात घाम कळत नाही, तहान कळत नाही, चक्कर आली तर धरायला काही नसतं. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथं दहा किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकन जलतरणपटू पाण्यातच दगावला. पाणी फार गरम होतं. नंतर खुल्या पाण्यातल्या जागतिक शर्यतींना ३१ अंशांची वरची मर्यादा आली. मे महिन्यात आपल्याकडचं उथळ तळं दुपारी तिशी सहज ओलांडतं, हे लक्षात ठेवून लांबचं पोहणं पहाटेच उरकलेलं बरं. हौसेनं वेटसूट आणून उन्हाळ्यात त्यात तासभर पोहणं हा वेडेपणा आहे.

विहिरीचं पाणी मात्र वेगळं वागतं. खोल पाण्याचं तापमान त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी हवेएवढं राहतं, इकडं साधारण २५ ते २७ अंश. म्हणून जानेवारीच्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते आणि मेमध्ये तेच पाणी गार लागतं. सांगायचं तर पाण्याच्या थंडीचा सराव आपल्याला विहिरीत होत नाही; झालाच तर डिसेंबर-जानेवारीत उघड्या तरणतलावात.

मग वेटसूटशिवाय, स्विमस्किनशिवाय, नुसत्या ट्रायसूटवर निभेल का? ट्रायथलॉनसाठीचा वेटसूट बाजारात आला तो १९८७ मध्ये. पहिली आयर्नमॅन त्याच्या नऊ वर्षं आधी, १९७८ ला हवाईत झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पार केली ती साध्या पोहण्याच्या पोशाखात, आणि खाडीचे पारंपरिक नियम आजही वेटसूट मान्य करत नाहीत. आपल्याला तर कोमट पाण्यात, ७०.३ चे १.९ किलोमीटर पोहायचे आहेत. त्याला साधारण १ तास १० मिनिटं मिळतात, पूर्ण आयर्नमॅनच्या ३.८ किलोमीटरला २ तास २० मिनिटं. दोन्हीकडं हिशेब एकच : शंभर मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद. हे घाबरण्यासारखं नाही.

तुम्ही वेटसूटवर किती अवलंबून राहाल, हे तो न विकत घेताही कळतं. तरणतलावात पुल बॉय मिळतो, मांड्यांमध्ये धरायचा तो फोमचा ठोकळा. तो धरून चारशे मीटर पोहा, वेळ लावा. दम पूर्ण खाली बसू द्या, मग ठोकळा न धरता परत चारशे. ठोकळ्याबरोबरची वेळ चांगलीच कमी आली, तर पाय बुडतायत आणि गोव्यात ते तसेच बुडणार. यावर औषध स्विमस्किन नाही. डोकं खाली ठेवून तळाकडं बघा. समोर बघायला मान वर केली की कंबर खाली जातेच. छाती किंचित पाण्यात दाबा. पाय गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे नकोत, मांडीपासून, लहान आणि सैल. दिशा बघायची तर श्वासाच्या आधी डोळे पाण्याच्या वर येतील इतकंच डोकं उचला. सायकलवाल्यांचे घोटे ताठ असतात, ते पाण्यात नांगर होतात. घोटे ताणायला रोज पाच मिनिटं द्या.

थोडी मदत समुद्रही करतो. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सत्तर किलोच्या माणसाला त्यातून पावणेदोन किलोच्या आसपास जास्तीची उचल मिळते, फुकट आणि नियमात बसणारी. आपण गोड्या पाण्यात सराव करतो, म्हणजे कठीण बाजूनं करतो. लाटा आणि तोंडात जाणारं मीठ मात्र इथं कुठंच मिळत नाही, त्यासाठी शर्यतीच्या दोन दिवस आधी पोहोचावं. आणि सराव म्हणून थेट पैठणला नाथसागरात उडी टाकू नका. ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, शिवाय मासेमारीची जाळी असतात. जिथं परवानगी आहे तिथंही एकट्यानं नाही, कमरेला नारंगी फुगा बांधून.

खरेदीचं विचाराल तर गोव्यासाठी दोन्ही नकोत. अंगाला नीट बसणारा ट्रायसूट घ्या. पोहणं पक्कं असेल, वयोगटातला क्रमांक मनात असेल, तर स्विमस्किन. युरोपातल्या थंड तळ्यातल्या शर्यतीला जाणार असाल तर वेटसूट, तोही शक्यतो आधी भाड्यानं. तो घालून सराव डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उघड्या तरणतलावात करा, दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे. गरम वाटलं की कॉलर ओढून आत पाणी घ्या. तिथंही एक ध्यानात असू द्या : पाण्याचं तापमान शर्यतीच्या सकाळी, सुरू व्हायच्या साधारण तासभर आधी मोजतात. ते २४.५ च्या वर निघालं तर क्रमांकासाठी आलेल्याचा वेटसूट बॅगेतच राहतो. म्हणून वेटसूट घेतलेल्यानंही निम्म्याहून जास्त सराव त्याच्याविनाच करावा.