पेशीक्षती

पेशीवर पडणारा ताण तिच्या जुळवून घेण्याच्या क्षमतेबाहेर गेला की तिची रचना व कार्य बिघडते. या बिघाडास पेशीक्षती म्हणतात. कारण वेळीच दूर झाले तर पेशी पूर्ववत होते (परिवर्तनीय क्षती), नाहीतर मरते (अपरिवर्तनीय क्षती). रोगाचे मूळ पेशीत शोधण्याची परंपरा सामान्यतः जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांच्या १८५८ सालच्या बर्लिनमधील व्याख्यानांपासून धरतात. पेशीमृत्यूची निरीक्षणे मात्र त्याआधीची आहेत. कार्ल फोग्ट यांनी १८४२ मध्येच भेकाच्या डिंभातील (अंड्यातून निघालेल्या पिलातील) पेशी नाहीशा होताना नोंदवल्या होत्या.

कारणे : ऑक्सिजनचा तुटवडा हे सर्वांत वारंवार आढळणारे कारण. त्याखेरीज विषे व औषधे, उष्णता, किरणोत्सर्ग, मार, जंतुसंसर्ग, प्रतिक्षमतेची विकृत प्रतिक्रिया, जनुकीय दोष आणि आहारातील उणिवा. जाड होणे, आकुंचन पावणे किंवा प्रकार बदलणे ही अनुकूलने होत, क्षती नव्हे. निपाणी भागात तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरणाऱ्यांच्या तोंडात त्याच जागी उमटणारा पांढरट जाड पट्टा आधी अनुकूलन म्हणूनच सुरू होतो. त्यात पुढे कर्करोगपूर्व बदल होऊ शकतात, म्हणून तुकडा तपासणे आवश्यक.

ऊर्जेचा तुटवडा : रक्तपुरवठा थांबताच तंतुकणिकांमधील (पेशीतील ऊर्जाकेंद्रांमधील) एटीपी या ऊर्जावाहक रेणूची निर्मिती मंदावते. पेशीपटलातील पंप एका फेरीत ३ सोडियम आयन बाहेर टाकून २ पोटॅशियम आयन आत घेतो. तो एटीपीवाचून थांबतो. सोडियम आत साचतो, त्यामागून पाणी येते आणि पेशी फुगते. ग्लायकोजेन संपते, लॅक्टिक आम्लाने आम्लता वाढते, रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण) आंतर्द्रव्यजालिकेवरून (पेशीतील पटलांच्या जाळ्यावरून) सुटतात व प्रथिननिर्मिती थंडावते. इथपर्यंत परत फिरता येते. एटीपी मूळ प्रमाणाच्या ५ ते १० टक्क्यांवर उतरल्यावर मात्र इतर दोषांची साखळी सुरू होते. मेंदूतील चेतापेशी ३ ते ५ मिनिटांत, हृदयस्नायू २० ते ४० मिनिटांत मरणपंथाला लागतात. सांगाड्याचे स्नायू काही तास तग धरतात.

कॅल्शियम : पेशीद्रवात तो सुमारे ०.१ मायक्रोमोल प्रतिलिटर, तर बाहेर त्याच्या दहा हजार पटींहून अधिक असतो. हा उतार टिकवण्यास ऊर्जा लागते. ती संपली की आत शिरलेला कॅल्शियम पटलातील मेद, प्रथिने व डीएनए तोडणारी विकरे (एन्झाइमे) जागी करतो.

मुक्त मूलके : एकटा इलेक्ट्रॉन असलेले हे अतिक्रियाशील रेणू शेजारच्या रेणूंना इजा करतात. याचे स्पष्ट उदाहरण उसातील तणासाठीही वापरले जाणारे तणनाशक पॅराक्वॅट. भारतात ते २४ टक्के द्रावण म्हणून विकले जाते. एक मोठा घोटही प्राणघातक ठरू शकतो. फुप्फुसातील पेशी ते ओढून घेतात. तेथे पॅराक्वॅटचा रेणू इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतो, सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक बनवतो आणि पुन्हा मूळ रूपात येऊन तेच चक्र चालू ठेवतो. मुक्त मूलकांना निकामी करणाऱ्या ग्लुटाथायॉनचा साठा संपल्यावर पटलातील मेदाचे ऑक्सिडीभवन होते. ऑक्सिजन हेच या चक्राचे इंधन असल्याने रुग्णाला तो सवयीने लावत नाहीत, रक्तातील प्रमाण खरोखर खालावल्यावरच देतात. याला उतारा नाही.

परतीचा बिंदू : परिवर्तनीय क्षती नेमकी कोठे संपते, हा जुना वाद आहे. एका मतानुसार निर्णायक घटना तंतुकणिकेत घडते : तिच्या आतील पटलात छिद्र उघडले की ऑक्सिजन परत मिळूनही एटीपी तयार होत नाही. हे छिद्र उघडण्यास साहाय्य करणारे सायक्लोफिलिन-डी हे प्रथिन नसलेल्या उंदरांत हृदयाचा मृत भाग लहान राहतो, हे २००५ मध्ये दिसले. परंतु त्याच प्रथिनाला अडवणारे सायक्लोस्पोरिन हृदयविकाराच्या रुग्णांना देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत (२०१५) लाभ आढळला नाही. दुसरे मत पेशीपटलाला प्राधान्य देते. घोणशीच्या (कन्नडमध्ये कोळकुमंडल) विषातील फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर थेट पटलातील मेद तोडते. तंतुकणिका आरंभी धड असली तरी स्नायुपेशी वाचत नाही. पटल अखेरीस फुटणे ही नुसती निष्क्रिय फाटाफूट नसून एनआयएनजे-१ हे प्रथिन ते घडवून आणते, असे २०२१ मध्ये दाखवण्यात आले. पण तोवर पेशी बहुधा मेलेलीच असते. सर्व कारणांना लागू होणारा एकच बिंदू मानण्यापेक्षा तो कारणानुसार बदलतो असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

दंश व भाजणे : चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात उंदरांमागे येणारी घोणस तोडणीच्या वेळी फडात चावते. तिचे विष रक्त गोठवणारे घटक संपवते. वृक्कातील (मूत्रपिंडातील) बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन मूत्रनलिकांच्या पेशी मरतात. तपासणीसाठी २ मिलि. ताजे रक्त कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवून मग नळी तिरपी करतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असल्यास रक्त न गोठण्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. दोरीने आवळलेल्या पायात ऊर्जेचा तुटवडा होतो आणि दोरी सोडताच परतलेला ऑक्सिजन मुक्त मूलकांची भर घालतो. प्रतिविष मोकळे विष बांधते. तुटलेले पटल सांधत नाही.

गुऱ्हाळातील काहिलीतला पाक ११५ °से.च्या वर असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. त्वचेचे तापमान ६० °से. झाल्यास सुमारे ५ सेकंदांत, ४४ °से.ला मात्र सुमारे ६ तासांत अपरिवर्तनीय इजा होते. मधला, प्रथिने गोठून मेलेला भाग वाचत नाही. त्याभोवतीचा मंद रक्तप्रवाहाचा पट्टा वाचवता येतो. २० मिनिटे वाहते पाणी धरायचे ते त्यासाठी. बर्फाने वाहिन्या आवळतात व हाच पट्टा जातो.

मृत्यूचे प्रकार : ऊतकमृत्यूत पेशी फुगून फुटते व भोवती दाह होतो. हृदय व वृक्कात तो घट्ट, मेंदूत द्रवरूप, क्षयात चक्क्यासारखा असतो. ॲपॉप्टोसिसमध्ये (पेशीच्या नियोजित मृत्यूत) पेशी आक्रसून तुकड्यांत विभागली जाते, दाह होत नाही; हे नाव केर, विली व करी यांनी १९७२ मध्ये दिले. लोहावर अवलंबून असलेल्या फेरोप्टोसिस या प्रकाराची नोंद २०१२ ची.

निदान : हृदयस्नायू मेल्यावरही नेहमीच्या सूक्ष्मदर्शीत बदल दिसण्यास ४ ते १२ तास लागतात, तासाभरात दगावलेल्याच्या हृदयात त्यामुळे काहीच आढळत नाही. तालुक्याहून बेळगावला पाठवायचा तुकडा ३ ते ५ मिमी. जाडीचा कापून त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवावा लागतो. नुसत्या सलाईनमध्ये, त्यातून उन्हाळ्यात, तो आपल्याच विकरांनी विरघळू लागतो आणि ऊतकमृत्यूसारखा दिसतो. भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी नसेल तर हा तुकडा काढल्यानंतरचा बदल समजावा.