बॅकलाइट वाढवायचा की ब्राइटनेस?

पावसाळा सरला की दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलमध्ये उतरतं. टीव्हीवर धड काही दिसेना, की रिमोट जातो ‘ब्राइटनेस’कडे. नाव फसवं आहे.

बॅकलाइट म्हणजे पॅनेलमागच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश. तो वाढवला की अख्खं चित्र उजळतं आणि वीजही जास्त लागते. बहुतेक टीव्हींवरचा ब्राइटनेस मात्र काळा किती काळा दिसावा हे ठरवतो. साध्या व्हिडिओत, 0 ते 255 च्या मोजपट्टीवर, काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो. ब्राइटनेस वाढवला की तो काळा राखाडी होतो, चित्रावर धुकं बसतं. फार उतरवला तर वकिलाचा काळा कोट आणि मागची अंधारी भिंत मिळून एकच डाग.

तेव्हा उन्हाला उपाय बॅकलाइटचा, आणि खिडकीच्या पडद्याचा. 100 पैकी दिवसा 80 च्या पुढे, रात्री 30-40 पुरे. त्याआधी ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ मोड घ्या आणि पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर बॅकलाइट आपोआप वरखाली होत राहील.

ब्राइटनेस एकदाच लावायचा, तोही रात्री दिवे घालवून. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावून काळे केस किंवा कोट दिसेल तिथे पॉज करा. पट्ट्या राखाडी होईपर्यंत आकडा वाढवा, मग एकेकाने उतरवा. पट्ट्यांचा राखाडीपणा आणखी कमी होईना, पण कोटाच्या चुण्या अजून दिसतायत, तिथे थांबा. एलईडी टीव्हीवर पट्ट्या कडेच्या फ्रेमइतक्या काळ्या होत नाहीत. तो हट्ट सोडा.

नावांचा घोळ वेगळाच. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ हाच बॅकलाइट, काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’. ओएलईडी टीव्हीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्याला तर बॅकलाइट नसतोच. शंका आली तर आकडा शून्यावर न्या: पांढरा शर्टही मंदावला तर तो बॅकलाइट, शर्ट बराचसा तसाच राहून सावल्या गिळल्या गेल्या तर काळ्याची पातळी. आकडा परत जागेवर आणायला विसरू नका.

टीव्हीतल्या ॲपवर चित्र छान, पण सेट-टॉप बॉक्सवर फिकट? बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी असते, ती आधी पाहा. ती सारखी असेल तर एचडीएमआयची रेंज, ‘लिमिटेड’ (16 ते 235) की ‘फुल’ (0 ते 255), बॉक्स आणि टीव्ही दोन्हीकडे जुळत नसावी. ती ‘ऑटो’वर टाका, ब्राइटनेसला हात लावू नका.