एसीई विकर : रक्तदाबापलीकडील कार्ये

अँजिओटेन्सिन रूपांतरक विकर, संक्षेपाने एसीई, हे पेप्टाइडांच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या) टोकाची दोन-दोन अमिनो आम्ले कापणारे जस्तयुक्त विकर (एन्झाइम). लेनर्ड स्केग्ज व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये घोड्याच्या रक्तद्रवात ते ओळखले. दहा आम्लांच्या अँजिओटेन्सिन-१ पासून ते आठ आम्लांचे अँजिओटेन्सिन-२ बनवते, त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबावरील गोळ्या (एसीई-रोधक) हेच रोखतात. मात्र एसीई ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या सैलावणारे पेप्टाइडही तोडते. या गोळ्यांनी लागणारा कोरडा खोकला त्याच्या साठण्याशी जोडला जातो.

सर्वांत नवलाचे काम वृषणात दिसते. तिथे त्याच जनुकापासून, पण वेगळ्या प्रवर्तकामुळे (जनुक वाचायला जिथून सुरुवात होते त्या भागामुळे), विकराचे आखूड रूप तयार होते. नेहमीच्या रेणूत कापणारी केंद्रे दोन असतात, यात एकच. हे रूप नसलेल्या नर उंदरांचा समागम नीट होतो, शुक्रपेशींची संख्याही पुरेशी असते. पण त्या अंडवाहिनीत नीट पोहोचत नाहीत आणि अंड्याच्या आवरणाला चिकटत नाहीत. अँजिओटेन्सिनच तयार न होणारे नर मात्र प्रजननक्षम असतात, तेव्हा इथे रक्तदाबाच्या यंत्रणेचा संबंध नाही. फळमाशीत ती यंत्रणाच नसते, तरी एसीईसदृश विकर असते आणि त्यातल्या काही बिघाडांनी नर वांझ होतात. ‘रक्तदाबाचे विकर’ ही ओळख त्यामुळे अपुरीच म्हणायला हवी.

नेहमीच्या रेणूतील दोन केंद्रांपैकी अमिनो टोकाकडील, म्हणजे साखळीच्या सुरुवातीकडील, केंद्र एक चार आम्लांचे पेप्टाइड नष्ट करते. हे पेप्टाइड अस्थिमज्जेतील मूलपेशींचे विभाजन आवरते आणि हृदय व मूत्रपिंडातील तंतुमयता (व्रणासारखे तंतू साठणे) कमी करते. एसीई-रोधक घेणाऱ्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढते.

प्रतिकारशक्तीतही एसीईचा वाटा आहे. पेशींच्या पृष्ठभागावर मांडल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या तुकड्यांची काटछाट ते करते. ज्यांच्या महाभक्षी पेशींत (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींत) एसीई जास्त असते अशा उंदरांत मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी कमी वाढल्या. सार्कॉइडोसिस या आजारात कणार्बुदांतील (संरक्षक पेशींच्या बारीक गाठींतील) पेशी एसीई बनवतात, म्हणून रक्तातील पातळी अनेकदा चढते. तपासणी अजूनही सांगितली जाते, पण केवळ तिच्या आधारे निदान करू नये.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या रोगाशी संबंधित बीटा-अमिलॉइड हे पेप्टाइड एसीई परीक्षानळीत तोडते. एसीई-रोधकांमुळे माणसात हा रोग बळावतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. कोविडचा विषाणू ज्याला चिकटतो ते एसीई-२ हे याचे नातलग असले तरी स्वतंत्र विकर आहे.