एक्केचाळीस वजा तेरा

वहीत तीन गणितं होती. ४१ − १३ = ३२. खाली ५२ − २७ = ३५. त्याखाली ६० − २४ = ४४. तिन्हींवर लाल फुल्या. वही चौथीतल्या एका मुलाची, शाळा जिल्हा परिषदेची. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचं आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं, हे त्याचं दरवर्षीचं वेळापत्रक.

वही बंद करून त्याला सहज विचारलं, "तुझ्याकडे एक्केचाळीस रुपये आहेत, तेराचा बिस्कीटपुडा घेतला. किती उरले?" त्यानं छताकडे पाहिलं. "दहा गेले, एकतीस. मग तीन गेले... अठ्ठावीस."

म्हणजे वजाबाकी येते. मग बत्तीस कुठून आले?

फुल्या मारण्याआधी उत्तरं नीट पाहिली तर लक्षात येतं की तो अंदाजपंचे लिहीत नाहीये. त्याचा एक पक्का नियम आहे: प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, मग तो वर असो की खाली. एकातून तीन जात नाहीत, मग तिनातून एक काढला. सातातून दोन, चारातून शून्य. नियम चुकीचा, पण पाळला अगदी काटेकोर. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला होता. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये 'बग' असतो तशा या चुका असतात, आणि बग सापडला की पुढच्या गणितात मूल काय चुकणार हेही बऱ्याचदा आधीच सांगता येतं, असं त्यांना दिसलं.

आपल्याकडे अशा मुलाला एका अक्षरात निकालात काढतात: ढ. हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून जवळजवळ तसंच राहिलं, म्हणून कितीही शिकवलं तरी न बदलणारा तो 'ढ', अशी याची एक गमतीची व्युत्पत्ती सांगतात. खरी असो-नसो, त्यातली समजूत मात्र शाळाशाळांत पक्की बसलेली आहे.

तोंडी येतं आणि कागदावर येत नाही, हेही या एकाच मुलाचं नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्की हे त्यातले काही संशोधक. किलोचे भाव, पावशेराचे हिशेब, सुटे पैसे हे सगळं ही मुलं डोक्यात करत होती. तितकंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीनं मांडलं की बरीच जण अडत होती. याची उलटी बाजूही त्याच अभ्यासात आहे: शाळेत कागदावरची गणितं बरी सोडवणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. एकीकडचं शिकणं दुसरीकडे आपोआप वाहत जात नाही. मध्ये पाट काढावा लागतो, आणि तो कुणी काढतच नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'एक्केचाळीस' म्हणताना एक आधी येतो, लिहिताना चार आधी. शंभरापर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' अशी मांडणी आली तेव्हा केवढी टिंगल झाली! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं समजावत होत्या की मुलांना संख्येची फोड कळावी म्हणून हे आहे. माझं मत त्यांच्या बाजूनं आहे. हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी सात वर्षांच्या मुलाला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत चाचपडताना पाहिलं होतं, कोण जाणे.

हातच्याची वजाबाकी साधारण दुसरीत येते. हा मुलगा तेव्हा उसाच्या फडात होता. परत आला तेव्हा पुस्तक पुढे गेलेलं. तिसरीत गुणाकार, चौथीत भागाकार, आणि प्रत्येक धडा मागचं येतं असं धरून चाललेला. वाचनाचं तेच. जोडाक्षराशी झटापट करताना सगळं लक्ष अक्षरांतच खर्च होतं आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते. मग मूल पहिल्या अक्षरावरून शब्द ठोकून देतं. 'आंघोळ'चा 'आंबा' होतो.

अशी मुलं मूठभर नाहीत. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत खेड्यापाड्यांत घरी जाऊन एकेका मुलाला दुसरीच्या पातळीचा छोटा मजकूर वाचायला देतात. २०२४ मध्ये देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी तो ४८.८ टक्क्यांनाच वाचता आला. निम्मा वर्ग मागे असेल, तर मागे कोण आहे, मुलं की पुस्तक?

यावरचा एक उपाय मुंबईतच घडला. शिक्षणाचं काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेनं महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमल्या. बहुतेक वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या मुली, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर न्यायची, आणि जिथे जागा मिळेल तिथे त्यांना वाचन आणि अंकांचं मूळ शिकवायचं. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याची रीतसर चाचणी घेतली. कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी मिळणार आणि कुठे चौथीला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना निखळ राहते. दुसऱ्या वर्षाअखेर फरक असा: शंभरांच्या रांगेत मागून मोजत पन्नासाव्या जागी असलेलं मूल एकसष्टाव्या जागी जावं इतका. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्यांना झाला.

मला त्यातला दुसराच निष्कर्ष जास्त बोलका वाटतो. पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यावर उरलेला वर्ग लहान झाला, शिक्षकांना मोकळीक मिळाली. तरीही उरलेल्या मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. पटसंख्या कमी करा म्हणजे सगळं सुधारेल, या आपल्या आवडत्या मागणीला हा चांगलाच धक्का आहे. वर्ग लहान झाला, पण शिकवणं त्याच पुस्तकाच्या त्याच पानावरून चाललं होतं. (लाभ टिकाऊ होता असंही नाही, बालसखी गेल्यावर वर्षभरात तो बराचसा ओसरला.)

मग हेच काम शिक्षकांनी का करू नये? बिहारमध्ये तेही करून पाहिलं. २००८ च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच मागे पडलेल्या मुलांची शिबिरं घेतली आणि मुलं सुधारली. पुढे वर्ष सुरू झालं, प्रशिक्षण आणि साहित्य शिक्षकांच्या हाती होतं, पण नुसत्या त्यानं काहीच हललं नाही. सुट्टीत मुलाकडे बघायचं होतं, जूननंतर अभ्यासक्रमाकडे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंही ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलं आहे. शिक्षकाला दोष द्यायचा तरी कसा?

२०१२-१३ मध्ये हरियाणात दिवसाचा एक तास फक्त यासाठी राखून ठेवला, इयत्ता मोडून मुलांना येतं तसे गट केले, आणि देखरेखही ठेवली. तेव्हा मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा-वीस दिवसांची शिबिरं मिळून वर्षात पन्नासेक दिवस भरले. तेवढ्यात परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर नसलेल्या शाळांच्या जवळपास दुप्पट झालं. तिथे जादूची कांडी नव्हती. बाराखडीचा तक्ता, गोष्टीची पानं, काड्या. पाचवीतला मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी बसला तर त्याला लाज वाटेल असं मोठ्यांना वाटतं. पण गटातल्या सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं, तिथे हसणार कोण?

आमच्या ऊसतोडीच्या मुलापुढे बाईंनी काड्यांचे चार गठ्ठे ठेवले, प्रत्येकाला रबर लावलेलं, आणि एक सुटी काडी. "यातल्या तेरा मला दे." त्यानं एक गठ्ठा सरकवला. सुटी काडी उचलून दिली. अजून दोन हव्यात. तो थांबला, वहीतल्या बत्तीसकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"बाई, रबर काढू?"

"काढ की."