चिंचोक्यातली शिदोरी

मुंबईत दरवर्षी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पानगळीच्या जंगलात पहिल्या सरीबरोबर रुजलेल्या रोपाची खरी कसोटी म्हणूनच पावसाळ्यात नव्हे, तर माती तडकू लागल्यावर लागते. तोवर त्याचे मूळ खोल गेलेले असावे लागते, आणि ही पहिली धाव ते आईने बीमध्ये बांधून दिलेल्या शिदोरीवर घेते.

ही शिदोरी पाहायची असेल तर चिंचोका घ्यावा. चिंच मूळची आफ्रिकेतली असली तरी कोरड्या हवेचे तिचे गणित आपल्या झाडांसारखेच आहे. चिंचोक्याची कड दगडावर घासून तो रात्रभर पाण्यात ठेवला, की तपकिरी साल सुटते आणि आत दोन जाड, पांढरट दले दिसतात. त्यांच्या टोकाशी, सहज नजरेतून सुटेल एवढा, अंकुर असतो. बाकी सगळा साठा. गंमत अशी की तांदळासारखा स्टार्च इथे नाही. दलांतल्या पेशींच्या भिंतीच झायलोग्लुकन नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्यांनी जाडजूड झालेल्या असतात. घोंगडीला ताठपणा आणणारी चिंचोक्याची खळ म्हणजे हेच द्रव्य. बी रुजताना विकरे (एन्झाइम) या साखळ्या तोडतात, भिंती पातळ होत जातात आणि मोकळी झालेली साखर मुळाकडे जाते. घरच भिंतींसकट खाऊन टाकण्याची ही रीत मला फार विलक्षण वाटते.

मोहाच्या झाडाने दुसरा मार्ग निवडला आहे, तेलाचा. १ ग्रॅम पिठूळ पदार्थात सुमारे ४ किलोकॅलरी असतात, तेलात ९. म्हणून मोहाच्या बीतले तेल तेवढ्याच वजनाच्या पिठूळ पदार्थापेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा साठवते. मात्र ही बी पावसाच्या तोंडावर गळते आणि फार दिवस टिकत नाही, तिला लगेच रुजावे लागते. उलट बहाव्याची बी कठीण कवचात पाणी शिरू न देता वाट पाहत पडून राहू शकते.

ऊर्जेइतकेच महत्त्व खनिजांना आहे. पाने गाळण्यापूर्वी झाड त्यांतला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस माघारी ओढून घेते, आणि अशा जपलेल्या भांडवलातून बिया भरल्या जातात. नायट्रोजन प्रथिनांच्या रूपात राहतो. फॉस्फरसचा मोठा वाटा फायटिक आम्लात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमला धरून, बारीक कणांत बंद असतो. पाणी मिळाले की फायटेज हे विकर ही गाठ सोडते.

चिंचेच्या रोपाची जाड दले जमिनीवर येऊन हिरवी होतात आणि रिती होता होता सुरकुतून गळतात. एक गोष्ट मात्र आईला पुरेशी देता येत नाही, ती म्हणजे कॅल्शियम. पानांतून अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांतून ते फारसे सरकत नाही, त्यामुळे बीमध्ये बेताचेच उतरते. ते उद्यानाच्या काळ्या बेसॉल्ट खडकात आहे, आणि रोपाला ते स्वतःच्या मुळाने, झिजलेल्या खडकाच्या मातीतूनच मिळवावे लागते.